दोरीला फक्त वेग कळतो

बडोद्याहून नंदेसरीकडे किंवा कोयलीच्या रिफायनरीकडे निघाले की रस्त्याच्या कडेला टँकरची रांग लागलेली दिसते. यांतला प्रत्येक टँकर भरताना किंवा रिकामा करताना कोणीतरी त्याच्या पाठीवर चढतो, झाकण उघडतो, नमुना घेतो, पातळी मोजतो आणि उतरतो. टँकरची पाठ जमिनीपासून सुमारे साडेतीन मीटर उंच, गोलाकार आणि बहुधा तेलकट असते. चिमणीवर चढलेला माणूस पाहून आपल्या पोटात गोळा येतो, पण साडेतीन मीटरला कोणी उंची म्हणत नाही. प्रत्यक्षात पडणाऱ्याला वाचवण्याच्या दृष्टीने हीच उंची फार अडचणीची आहे, आणि ते साध्या बेरजेने पटते.

नेहमीच्या पद्धतीत कामगाराच्या अंगावर हार्नेस, म्हणजे अंगाला आवळलेला पट्ट्यांचा साज असतो, त्याच्या पाठीवरच्या डी-रिंगला, म्हणजे डी-आकाराच्या कडीला, १.८ मीटरची लॅन्यार्ड, म्हणजे आखूड दोरी, जोडलेली असते आणि लॅन्यार्डमध्ये धक्का शोषणारी, घड्या घालून शिवलेली पट्टी असते. लॅन्यार्डचा हुक डी-रिंगच्याच उंचीवर अडकवला आहे असे धरले, तर माणूस आधी १.८ मीटर मोकळा पडतो, मग पट्टीची शिवण उसवत सुमारे एक मीटर खाली जातो आणि हार्नेस ताणला गेल्यामुळे आणखी तीसेक सेंटिमीटर. बेरीज तीन मीटरच्या पुढे जाते. म्हणजे टँकरवरून पडलेल्या माणसाचे पाय जमिनीपासून जेमतेम हातभर वर थांबतात, तेही सगळे जुळून आले तर. हुक पायाजवळच्या कठड्याला अडकवला असेल, तर मोकळ्या पडण्याचेच अंतर ३.३ मीटर होते आणि पट्टी उलगडायला जागा उरत नाही. परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवान्यावर, मात्र सेफ्टी बेल्टच्या रकान्यात बरोबरची खूण असते.

म्हणून अशा ठिकाणी डोक्यावरच्या तुळईला एक पेटी टांगतात. तिच्यातून तारेची दोरी किंवा पट्टा बाहेर येतो आणि त्याचा हुक कामगाराच्या डी-रिंगला लागतो. माणूस पुढे गेला की दोरी सुटते, मागे आला की आपोआप आत गुंडाळली जाते आणि झटका बसला की जागच्या जागी अडते. मोटारीतल्या सीटबेल्टचे वागणे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याहून अधिक वर्णनाची गरज नाही. कारखान्यांत तिला सहसा ‘फॉल अरेस्टर’ म्हणतात.

पेटीच्या आत एक ढोल, एक चपटी गुंडाळलेली स्प्रिंग, दोन-तीन खटके, एक दातेरी कडे आणि घर्षणाने काम करणारा ब्रेक असतो. स्प्रिंग दोरीला सतत हलकेच आत ओढत राहते, त्यामुळे दोरीत झोळ पडत नाही. ढोलावर बसवलेले खटके लहान स्प्रिंगांनी आत दाबून धरलेले असतात. ढोल वेगाने फिरू लागला की खटके बाहेर फेकले जाऊ पाहतात आणि ठरावीक वेगाला लहान स्प्रिंगा हरतात. हा वेग साधारणपणे सेकंदाला १.४ मीटरच्या आसपास ठेवलेला असतो. ढोलाची त्रिज्या सात सेंटिमीटर धरली, तर हे मिनिटाला सुमारे १९० फेरे झाले. मोकळ्या पडणाऱ्या वस्तूला हा वेग गाठायला सेकंदाचा सातवा हिस्सा आणि अवघे दहा सेंटिमीटर पुरतात. खटका दातात जाऊन बसेपर्यंत आणखी थोडे अंतर जाते; मग ढोल एकदम न थांबता ब्रेकवर घसरत थांबतो, आणि पडण्याची ऊर्जा त्या घर्षणात उष्णता होऊन संपते.

फरक किती पडतो? ऐंशी किलोचा माणूस १.८ मीटर पडला तर त्याच्या अंगी सुमारे १,४०० ज्यूल ऊर्जा येते आणि वेग ताशी २१ किलोमीटर होतो. तोच तीस सेंटिमीटरवर अडला, तर ऊर्जा २३५ ज्यूलच्या आसपास राहते. ब्रेकला सहावा हिस्सा काम उरते.

येथपर्यंत यंत्राचे कौतुक झाले. आता त्याची मर्यादा पाहू, कारण वापराचे बहुतेक सगळे नियम तिच्यातूनच निघतात. या पेटीला फक्त एक गोष्ट कळते: दोरी किती वेगाने बाहेर चालली आहे. माणूस पडतो आहे की घाईत चालतो आहे, खाली किती जागा आहे, दोरी कशावर घासते आहे, यांतले काहीही तिला समजत नाही.

सेकंदाला १.४ मीटर म्हणजे ताशी पाच किलोमीटर. हा झपाझप चालण्याचा वेग आहे. त्यामुळे घाईत पाऊल टाकले की दोरी अडते, माणूस मागे खेचला जातो आणि वैतागतो. एका लोडिंग बेवर मी तारेला पेटीच्या तोंडाशीच लोखंडी चिमटा आवळलेला पाहिला. दीड मीटर तार बाहेर लोंबत होती आणि ती आत जाऊ नये एवढ्यासाठीच चिमटा होता. विचारल्यावर तिथल्या कामगाराने सरळ सांगितले, “साहेब, चालताना सारखं अडकतं. झाकण उघडायला दोन्ही हात लागतात, मग कोण ओढत बसणार?” त्याची तक्रार खोटी नव्हती. परंतु तो दीड मीटरचा झोळ म्हणजे दीड मीटरचे मोकळे पडणे, म्हणजे पुन्हा ११०० ज्यूलच्या वर ऊर्जा; पेटी ज्यासाठी बसवली तेच चिमट्याने काढून घेतले. दोरीला गाठ मारणे, ती कठड्याला गुंडाळणे किंवा लांबी पुरत नाही म्हणून पुढे दुसरी लॅन्यार्ड जोडणे, या सगळ्यांचा दोष हाच आहे. लॅन्यार्ड जोडण्यात आणखी एक गोम असते: तिची शिवण उसवताना ताण क्षणभर कमी-जास्त होतो आणि बसलेला खटका सुटून पुन्हा बसू शकतो. माझ्या मते अशा ठिकाणी कामगाराला दटावण्याआधी पेटी चुकीच्या जागी तर टांगलेली नाही ना, हे पाहावे. ती बरोबर डोक्यावर असेल तर झाकणाभोवतीच्या चार पावलांत ती सहसा अडत नाही.

वेगाच्या दुसऱ्या टोकालाही अडचण आहे. धान्याच्या किंवा भुकटीच्या सायलोत माणूस पायाखालचा थर सरकल्याने हळूहळू रुततो. तो वेग १.४ मीटरच्या खालीच राहतो, म्हणून पेटी दोरी सोडत राहते आणि माणूस आत जात राहतो. उताराच्या पत्र्यावर सावकाश घसरणाऱ्याचेही असेच होऊ शकते. अशा कामाला ही पेटी चालत नाही, हे उत्पादक सूचनापत्रकात लिहितात. पण ते पत्रक बहुधा खोक्यातच राहते.

मग येतो कोनाचा प्रश्न. माणूस पेटीच्या बरोबर खाली असेल, तर तो जितक्या वेगाने पडतो तितक्याच वेगाने दोरी सुटते. तो बाजूला असेल आणि दोरी उभ्या रेषेशी ६० अंश करत असेल, तर सुरुवातीला दोरीचा वेग पडण्याच्या वेगाच्या निम्माच असतो. खटक्यांना हवा तो वेग मिळण्यासाठी माणसाला दुप्पट वेगाने पडावे लागते आणि त्याकरिता चौपट अंतर लागते. शिवाय दोरी अडली तरी प्रकरण संपत नाही. पेटी डी-रिंगच्या सहा मीटर वर आणि माणूस चार मीटर बाजूला आहे असे समजा. दोरीची बाहेर आलेली लांबी ७.२ मीटर होते. पडल्यावर तो लंबकासारखा झुलत पेटीच्या खाली येतो आणि त्या प्रवासात १.२ मीटर खाली उतरतो. तळाशी त्याचा वेग ताशी १७ किलोमीटरच्या पुढे असतो आणि वाटेत खांब, पाइप किंवा टँकरची शिडी आली तर तो त्याच वेगाने तिच्यावर आदळतो. ब्रेक खालच्या दिशेचा धक्का सोसतो, आडव्या धडकेवर त्याचा इलाज नाही. म्हणून दोरी उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंशांपेक्षा जास्त कलू देऊ नये, असे बहुतेक उत्पादक सांगतात. लांब टँकरसाठी एकच पेटी मध्यावर टांगण्याऐवजी वर रुळासारखी आडवी तुळई बसवून तिच्यावर पेटी सरकती ठेवणे हा खरा उपाय आहे, आणि जिथे झाकणाभोवती दुमडता कठडा खाली सोडता येतो तिथे तो आधी बसवावा. आपल्या १९४८च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३२मध्येही उंचीवरच्या कामासाठी ‘कुंपण किंवा अन्य मार्गाने’ सुरक्षिततेची तरतूद सांगितली होती. त्यात कुंपण पहिले होते.

पेटी कुठे टांगावी, याची अमेरिकन मानकांत स्पष्ट विभागणी आहे. झेड ३५९.१४ या मानकाच्या २०२१च्या आवृत्तीत वर्ग १ची पेटी डी-रिंगच्या उंचीवर किंवा तिच्या वरच अडकवायची असते. वर्ग २ची पेटी डी-रिंगच्या दीड मीटर खालपर्यंत अडकवता येते आणि दोरी कडेवरून वाकेल असे धरूनच तिची चाचणी घेतलेली असते. काँक्रीटच्या स्लॅबची किंवा कापलेल्या पत्र्याची धार ताणलेल्या दोरीला कापू शकते. साधी पेटी स्लॅबवर पायाशी ठेवून कडेवर काम करणे म्हणूनच फार धोक्याचे आहे. पेटी अडते, पण दोरी टिकत नाही.

ज्याला पेटी टांगायची, तो आधारही तितकाच महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या बांधकाम नियमांत तो माणशी २२.२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टनांचा भार सोसणारा असावा, किंवा जाणकाराच्या देखरेखीखाली किमान दुप्पट सुरक्षा-गुणक ठेवून आखलेला असावा, असे म्हटले आहे. उष्णतारोधक आवरण गुंडाळलेला वाफेचा पाइप, केबल ट्रे, फायर लाइन किंवा कठड्याचा नळ यांत बसत नाही.

वजनाबद्दल मात्र आपल्याकडे पुरेसे बोलले जात नाही. पेटीवर कमाल वजन लिहिलेले असते आणि जाड माणसाला ते विचारलेही जाते. पण अमेरिकन मानकांत वापरणाऱ्याचे वजन ५९ ते १४० किलो धरलेले असते, आणि आपल्याकडचे कितीतरी ठेकेदारी कामगार ५९ किलोंच्या आत भरतात. ब्रेकचा रेटा माणूस पाहून बदलत नाही. तो चार किलोन्यूटन आहे असे समजा. शंभर किलोच्या माणसाला तो गुरुत्वत्वरणाच्या तिपटीने थांबवेल, तर पन्नास किलोच्या माणसाला सातपटीने. हलक्या माणसाच्या अंगाला झटका अधिक बसतो, हे लक्षात घेऊन खरेदीच्या वेळीच पेटीचे किमान वजन विचारून घ्यावे.

गुडघ्यावर बसून काम करणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब आहे. उभ्या माणसाची डी-रिंग पायापासून दीड मीटरवर असते, बसलेल्याची साठेक सेंटिमीटरवर. पडल्यावर मात्र दोघांचेही पाय पूर्ण लांब लोंबतात. त्यामुळे बसून काम करणाऱ्यासाठी खाली सुमारे ९० सेंटिमीटर जादा मोकळी जागा धरावी लागते.

रोज सकाळी पेटी तपासायला दोन मिनिटे पुरतात. दोरी सावकाश बाहेर ओढावी, ती न अडखळता आली पाहिजे. मग हिसका द्यावा, ती लगेच अडली पाहिजे. सोडताना हाताने धरून आत जाऊ द्यावी, नुसती सोडली तर हुक पेटीवर आपटतो आणि दोरी ढोलावर वेडीवाकडी बसते. तारेच्या दोरीतल्या तुटलेल्या बारीक तारा, फुगलेला पीळ आणि गंज हातमोजे घालून चाचपावेत. आम्लाच्या वाफा असलेल्या ठिकाणी जस्ताचा मुलामा फार काळ टिकत नाही, तिथे स्टेनलेस स्टीलची तार घ्यावी. बहुतेक हुकांवर भार दाखवणारी खूण असते. ती उघडी पडली असेल तर पेटीने कधीतरी धक्का खाल्ला आहे, आणि अशी पेटी उत्पादकाकडे तपासणीला गेल्याशिवाय पुन्हा टांगता येत नाही.

पेटीने अडवलेला माणूस हार्नेसमध्ये लोंबकळत असतो आणि पायांत रक्त साचल्याने काही मिनिटांतच बेशुद्ध होऊ शकतो. त्याला खाली कोणी, कोणत्या शिडीने आणायचे हे परमिट लिहितानाच ठरलेले हवे. पाळी संपल्यावर दोरी पूर्ण आत जाऊ द्यावी, कारण रात्रभर ताणून ठेवलेली स्प्रिंग लवकर थकते. हुक हाताला लागत नसेल, तर तो खाली ओढण्यासाठी त्याला एक हलकी सुतळी बांधून ठेवावी.