शाळेत गोगलगाय, घरी आकांत

पालकसभेत बाई म्हणाल्या, "तुमची मुलगी अगदी गोगलगाय हो. रांगेत उभी राहते, डबा संपवते, कुणाशी भांडण नाही." आदल्याच दुपारी या साडेचार वर्षांच्या मुलीनं दारातच दप्तर भिरकावलं होतं आणि पोळीचे तुकडे करून वाढले म्हणून "ती परत जोडून दे" असा पाऊण तास आकांत केला होता.

शेजारी म्हणाले, लाडावून ठेवलीय. आजीनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मोहरी तडतडली, पण ती दाण्यातल्या पाण्याची वाफ होते म्हणून. पोराला त्यातून काहीच मिळत नाही, उलट त्याला खरंच काय होतंय हे विचारायचं राहून जातं.

बाई आणि आम्ही दोघंही खरं बोलत होतो. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र करून पाहिले. एकाच मुलाच्या वागण्याबद्दल आई आणि वडील यांच्या मतांमधला सहसंबंध (० म्हणजे मतांचा काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) सरासरी ०.६० च्या आसपास होता. पालक आणि शिक्षक अशा वेगवेगळ्या भूमिकांतल्या माणसांत तो ०.२८ वर आला. म्हणजे जागा आणि माणसं बदलली की मूल बदलतं, हा नियमच आहे.

आता मला सगळ्यांत आवडणारा भाग, कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की शरीरात वाढणारं संप्रेरक. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीला, आणि ती रक्तात कॉर्टिसॉल सोडते. ते पुरेसं झालं की तेच कॉर्टिसॉल मेंदूला "पुरे" असं कळवतं. याला रोजची लय असते : जागं झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर, मग दिवसभर उतार, मध्यरात्रीच्या सुमारास तळ. ते लाळेतही उतरतं, त्यामुळे सुई न टोचता मोजता येतं. मुलाच्या तोंडात कापसाची सुरळी धरली की झालं. २००३ साली अमेरिकेत वातामुरा, गनर आणि सहकाऱ्यांनी पाळणाघरातल्या मुलांची लाळ अशी सकाळ-दुपार तपासली. घरी असताना दुडूदुडू चालणाऱ्या वयाच्या ६४ टक्के मुलांचं कॉर्टिसॉल दुपारपर्यंत उतरलं. पाळणाघरात मात्र ७१ टक्के मुलांचं चढलं! मूल तेच, पण उतार असायचा तिथे चढ. बुजऱ्या मुलांत चढ जास्त होता. सवंगड्यांत जास्त खेळणाऱ्यांचं कॉर्टिसॉल कमी होतं.

ही मुलं माझ्या मुलीपेक्षा लहान होती, आणि कॉर्टिसॉल चढलं म्हणून पोळीवरून रडू आलं असं या अभ्यासानं सिद्ध होत नाही. चढ म्हणजे मेंदूला इजा, असं घाबरवणाऱ्यांवर तर मुळीच विश्वास ठेवू नका. मला त्यातून एवढंच दिसतं की वीस-पंचवीस अनोळखी पोरांत, हात घडी तोंडावर बोट करून बसणं, हे त्या इवल्या शरीरासाठी काम आहे. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण पिकायला विशी उलटावी लागते. साडेचाराव्या वर्षी तो कितीसा पुरणार?

मग रडू घरीच का फुटतं? मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९५०च्या दशकात युगांडात बाळं आणि आया यांचं निरीक्षण केलं. रांगणारं बाळ आईपासून दूर जाऊन जग चाचपून येई आणि पुन्हा तिच्याकडे परते. आईला त्यांनी सुरक्षित तळ म्हटलं. रडण्यासाठीही मूल तीच जागा निवडतं, असं मला वाटतं.

आम्ही आता शाळेतून आल्यावर अर्धा तास "आज काय शिकवलं?" विचारत नाही. ती डायनिंग टेबलाखाली उशी घेऊन बसते. पोळी अख्खी वाढतो.

मात्र घरी आणि शाळेतही मूल सारखंच अनावर असेल, किंवा घरी पोपटासारखं बोलणारं मूल सुरुवातीचा महिना उलटल्यावरही शाळेत तोंडच उघडत नसेल, तर वाट पाहू नका. दुसऱ्या प्रकाराला निवडक मौन म्हणतात, तो हट्ट नसतो, आणि बालमानसतज्ज्ञांकडे लवकर गेलं तर त्यावर चांगले उपचार होतात.