कार्डाची ओळख खोक्यावरून पटत नाही

नागपुरात सीताबर्डीवरून एखादे वापरलेले नेटवर्क कार्ड आणले, तर त्याच्यासोबत ना खोके मिळते, ना ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, सीडी. तरीही ते मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसवून लिनक्स ही संगणकप्रणाली सुरू केली, की बहुतेक वेळा कोणी काही न सांगता ते चालू लागते. ही किमया साधते ती चिपमध्ये नोंदवलेल्या दोन क्रमांकांमुळे.

१९८०च्या दशकातील आयएसए या जुन्या जोडणीच्या कार्डांवर इंटरप्टचा (प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या इशाऱ्याचा) क्रमांक जंपर ही छोटी खुंटी सरकवून हाताने ठरवावा लागे, आणि दोन कार्डांनी एकच क्रमांक घेतला की दोन्ही रुसत. इंटेलने १९९२मध्ये आणलेल्या पीसीआय या नव्या जोडणीने ही कटकट संपवली. या रचनेत प्रत्येक उपकरणाला २५६ बाइटांची ओळखनोंद असते (पुढच्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसमध्ये ती ४,०९६ बाइटांची झाली), आणि तिच्या आरंभीच उत्पादकाचा व उपकरणाचा असे सोळा-सोळा बिटांचे दोन क्रमांक असतात. षोडशमान, म्हणजे सोळाच्या पायाच्या, पद्धतीत रियलटेकचा क्रमांक १०ईसी आहे, तर इंटेलचा ८०८६. हा आकडा त्याच कंपनीच्या १९७८च्या प्रोसेसरचा आहे, हे जाणकार वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

संगणक सुरू होताना कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बसवरचा (उपकरणे जोडणाऱ्या सामाईक मार्गावरचा) एकेक पत्ता तपासते. जिथे काहीच नसते तिथून एफएफएफएफ असे उत्तर येते. क्रमांक हाती आले, की लिनक्समध्ये 'यूडेव्ह' व 'मॉडप्रोब' या साधनांच्या मदतीने, आपल्या यादीत तेच क्रमांक बाळगणारा ड्रायव्हर शोधून कर्नेलमध्ये चढवला जातो आणि त्याचे 'प्रोब' हे फंक्शन बोलावले जाते. खरे काम इथून पुढचे आहे: कार्डाचे रजिस्टर (त्याला आज्ञा देण्याच्या छोट्या जागा) मेमरीच्या कोणत्या पत्त्यांवर दिसतील हे पाहून त्यांचा नकाशा जोडणे, इंटरप्ट आल्यावर काय करायचे ते नोंदवणे, आणि प्रोसेसरला मध्ये न घेता कार्डाला थेट मेमरीत माहिती लिहिता यावी म्हणून (याला डीएमए म्हणतात) जागा राखणे. ड्रायव्हर कर्नेलच्याच अधिकाराने चालत असल्यामुळे त्यातील एक चुकीचा पत्ता संपूर्ण यंत्र बंद पाडू शकतो.

लिनक्स ज्या धर्तीवर घडले त्या युनिक्समध्ये 'सारे काही फाइल' असे म्हणतात खरे, पण नेटवर्क कार्ड त्याला अपवाद आहे. लिनक्समध्ये त्याच्यासाठी उपकरणांच्या '/डेव्ह' या फोल्डरखाली फाइल नसते.

खोक्यावरचे नाव यात कुठेच येत नाही. एकाच नावाच्या दोन कार्डांत वेगवेगळ्या चिपा असू शकतात, आणि निरनिराळ्या नावांच्या कार्डांत एकच. रियलटेकची ८१६८ क्रमांकाची चिप कोणाच्याही नावाने विकली जावो, तिच्यासाठी लिनक्स 'आर८१६९' हा ड्रायव्हर लावते आणि फ्रीबीएसडी ही दुसरी प्रणाली 'आरई'. म्हणून दुकानदाराला कार्ड त्याच्याच संगणकात बसवायला सांगून 'एलएसपीसीआय -एनएन' ही आज्ञा चालवावी आणि ते दोन क्रमांक टिपून घ्यावेत. भाव त्यानंतर ठरवावा.