भिंतीसमोरची सीट की दाराजवळची? दोन्हीवर 'एक्स्ट्रा लेगरूम' लिहिलंय म्हणून दोन्ही सारख्या नसतात

विमानाची सीट निवडताना तो नकाशा उघडतो ना, त्यात दोन ठिकाणच्या सीटा वेगळ्या रंगात असतात आणि दोन्हीवर 'एक्स्ट्रा लेगरूम' असंच लिहिलेलं असतं, भावातही उन्नीस-बीसचाच फरक, मग बहुतेक लोक त्यातली जी मोकळी दिसेल ती घेऊन टाकतात. पण त्यातली एक असते बल्कहेड, म्हणजे भिंतीसमोरची, आणि दुसरी एक्झिट रो, म्हणजे दाराजवळची. दोन तासांच्या फ्लाइटला कुठेही बसा हो, पण मुंबईहून न्यूयॉर्क म्हणजे पंधरा-सोळा तास एका जागी काढायचे, तिथे हा फरक चांगलाच कळतो.

आमच्या नाशिकच्या गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या पट्ट्यात कुठल्याही बिल्डिंगमधे विचारा, कोणी ना कोणी मुलाकडे नाहीतर मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेलं असतंच. तिकीट मुलगा तिकडे बसून काढतो, सीटही तोच निवडतो, आणि बसायचं असतं आई-बाबांना. इथल्या ओझर विमानतळावरून एवढं मोठं विमान काही जात नाही, म्हणजे आधी मुंबई गाठा, समृद्धीने गेलात तरी विमानतळाच्या टी-टू टर्मिनलला पोचेपर्यंत तीन-चार तास गाडीत पाय आखडलेले, मग चेक-इनची रांग, मग इमिग्रेशन, आणि त्यानंतर कुठे तो सीटचा विषय सुरू होतो.

घोळ होण्याचं एक कारण म्हणजे आपल्याकडची देशातली विमानं. ए३२० नाहीतर ७३७, मधे एकच पॅसेज, त्यात एक्झिट रो पंखावर असते आणि तिच्यासमोर नेहमीसारखीच दुसरी सीट असते, फक्त अंतर जरा जास्त. तिथे एकदा बसलेल्या माणसाला वाटतं की मोठ्या विमानातही असंच असणार. तर नाही. दोन पॅसेजवाली वाइड-बॉडी विमानं, ७७७, ७८७, ए३५०, यांना पूर्ण उंचीची दारं असतात, ७७७-३००ईआरला एका बाजूला पाच आणि ए३५०-९०० ला चार, आणि प्रत्येक दारासमोर माणसांना पळत जाता येईल एवढी मोकळी जागा सोडावीच लागते. त्या मोकळ्या जागेच्या मागे जी पहिली रांग येते ती एक्झिट रो. समोर काहीच नाही, पाय सरळ लांब करा, सहा फुटी माणसाचेही मावतात. फक्त बऱ्याच ठिकाणी समोर केबिन क्रूची घडीची सीट असते आणि टेकऑफला त्या ताई तुमच्याकडे तोंड करून बसतात, मग दोघंही एकमेकांकडे न बघता वेळ काढतात.

बल्कहेडचं तसं नाही. भिंत म्हणजे बिझनेस क्लास आणि इकॉनॉमीच्या मधलं पार्टिशन, नाहीतर टॉयलेट किंवा किचनची पाठ. एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या पार्टिशनला लागून असलेल्या सीटवर बसला असाल तर तेच, गुडघ्यांना जागा आहे, समोरचा कोणी सीट मागे पाडत नाही, पण पाय सरळ करायला गेलं की तळवा पत्र्याला लागतो. साध्या रांगेत सीटपासून सीटचं अंतर साधारण ३१-३२ इंच असतं, ऐकायला कमी वाटतं, पण तिथे पाय पुढच्या सीटच्या खाली सरकवता येतात, ती जागा कोणी मोजतच नाही. भिंतीखाली पाय सरकवायला जागा नसते. उंच माणसाला साध्या सीटपेक्षा भिंतीची सीट जास्त टोचते ती यामुळे, आणि पाच फुटांच्या काकूंना तीच एकदम ऐसपैस वाटते.

काही गैरसोयी मात्र दोन्हीकडे सारख्या. समोर सीट नाही म्हणजे खाली बॅग ठेवायला जागा नाही, टेकऑफ आणि लँडिंगला सगळं वर टाकायचं, आईची ती बीपीच्या गोळ्या, चष्मा आणि चिवड्याच्या पुडीची छोटी पिशवीसुद्धा. ट्रे आणि बहुतेक वेळा स्क्रीनही हाताच्या दांडीत असतो. दांडीचं झाकण उचलायचं, आत हात घालून ट्रे उभा वर ओढायचा, आडवा पाडायचा आणि मग घडी उघडायची, आणि त्या झाकणावर नेमकी शेजारच्याची कोपर असते, तोही झोपलेला. त्या सामानामुळे दांडी जाड होते, सीट साधारण एखादा इंच अरुंद होते, आणि दांडी वर उचलता येत नाही, म्हणजे शेजारच्या दोन सीटा रिकाम्या मिळाल्या तरी आडवं व्हायचं विसरा. जरा जाड माणसाने पैसे भरायच्या आधी याचा विचार करावा, नकाशात रुंदी दिसत नाही.

आता भिंतीची सीट नक्की कोणासाठी, तर तान्ह्या बाळांसाठी. बॅसिनेट म्हणजे तो छोटा पाळणा भिंतीवरच अडकवतात, त्यामुळे या सीटा कंपन्या आधी बाळवाल्यांसाठी राखतात. वजनाची मर्यादा कंपनीप्रमाणे बदलते, दहा-अकरा किलोच्या आसपास असते बऱ्याच ठिकाणी, आणि नुसती सीट घेतली म्हणजे पाळणा मिळाला असं नाही, तो वेगळा फोन करून मागावा लागतो. सहा महिन्यांचं बाळ घेऊन माहेरी नाशिकला येणाऱ्या मुलीला माझं सांगणं एवढंच की भिंतच घे, दुसरं काही बघू नकोस. मात्र सीटबेल्टचा दिवा लागला की बाळाला पाळण्यातून काढून मांडीवर घ्यावं लागतं, मग ते आत्ता दहा मिनिटांपूर्वी झोपलेलं का असेना. आणि ज्यांच्याकडे बाळ नाही त्यांनी हे धरून चालावं की एकतर शेजारी बाळ येणार किंवा बाळासाठी आपल्याला उठवणार.

दाराच्या सीटचं उलट आहे, तिथे बाळ चालतच नाही. तिथे बसणाऱ्याने गरज पडली तर क्रूला मदत करायची असते, म्हणून अटी असतात. अमेरिकेच्या नियमात १५ वर्षांखालचं कोणी तिथे बसू शकत नाही, मांडीवर मूल नको, क्रूच्या सूचना समजायला हव्यात, दार उघडायची ताकद हवी, बऱ्याच कंपन्या गरोदर बाईला आणि सीटबेल्टला जादा पट्टा जोडावा लागणाऱ्यालाही नाही म्हणतात. विमान उडण्याआधी क्रू येऊन विचारतात, मदत कराल का, आणि नुसती मान डोलावून चालत नाही, तोंडाने हो म्हणावं लागतं.

हे उगाच नाही. नवीन मोठ्या विमानाला परवानगी मिळायची तर अर्धी दारं बंद ठेवून सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावी लागतात. ए३८० ची ही चाचणी २६ मार्च २००६ ला हॅम्बुर्गला झाली, ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर. आणि २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए३५० धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं तेव्हा आठपैकी तीनच दारं वापरता आली, तरी आतले ३७९ च्या ३७९ लोक बाहेर पडले, बॅगा आत टाकून. हे वाचल्यावर दारापाशी कोण बसतंय याची चौकशी का करतात ते वेगळं सांगायला नको.

आणि इथेच आपल्या आई-बाबांची गाडी अडते. मुलगा काळजीपोटी दोन गोष्टी करतो. विमानतळावर फार चालायला नको, इंग्रजीत कोणाला विचारत बसायला नको म्हणून व्हीलचेअर मागवतो, आणि पाय लांब करता यावेत म्हणून एक्झिट रो घेतो. या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत. व्हीलचेअर मागितली म्हणजे दाराजवळ बसता येत नाही, मग माणूस घरी रोज सोमेश्वरपर्यंत चालत जाऊन येत का असेना. ओळखीतल्या एका काकांचं काउंटरवर असंच झालं. काका म्हणतायत, "अहो, मुलानं पैसे भरलेत ना त्या सीटचे!" आणि पलीकडची मुलगी शांतपणे, "काका, पण तुम्ही व्हीलचेअर घेतलीय ना?" काका उठून उभे राहून दाखवायला निघाले, काकू त्यांचा शर्ट ओढतायत. शेवटी दोघांना वेगवेगळ्या रांगेत मधल्या सीटा मिळाल्या, आणि अटीत न बसल्यामुळे सीट गेली तर बऱ्याच कंपन्या ते पैसे परत देत नाहीत. म्हणून व्हीलचेअर घ्यायची की नाही हे आधी ठरवा, सीटचं पान नंतर उघडा.

दाराची सीट घेणार असाल तरी त्यातली कुठली तेही बघा, कारण आणखी एक गोम आहे. दाराच्या आतल्या बाजूला घसरगुंडीचं (संकटात फुगवून जिच्यावरून खाली उतरायचं तिचं) पाकीट असतं, त्याचा फुगवटा आत येतो आणि बऱ्याच विमानांत तो नेमका खिडकीजवळच्या सीटच्या पायाशी असतो, म्हणजे जादा पैसे देऊन एक पाय वाकडा. खिडकीही कधी नसते, कधी भलतीकडे मागे असते, आणि दाराजवळ गार लागतं, शाल जवळ ठेवा. पॅसेजची सीट घ्या, बहुतेक नकाशात ती सी किंवा एच. (आय अक्षर सहसा नसतंच, इंग्रजी 1 आकड्यासारखं दिसतं म्हणून, शोधत बसू नका.) तिथेही टॉयलेट जवळ असलं की रात्रभर लोक तुमच्या त्या मोकळ्या जागेत रांग लावतात, आणि एखादे आजोबा तुमच्या नाकासमोर कमरेचे व्यायाम करतात. त्यांना काही म्हणता येत नाही, कारण ती जागा तुमची नाहीच, दाराची आहे.

अजून एक, बऱ्याच ७७७ मधे एकाच रांगेत दोन्ही प्रकार असतात. कडेच्या सीटांसमोर दार आणि मधल्या सीटांसमोर टॉयलेटची भिंत, तिच्यावर पाळणा अडकवायची सोय. रांगेचा नंबर तोच, रंग तोच, पण ए-बी-सी एक गोष्ट आणि डी-ई-एफ-जी दुसरी. नुसतं "अमुक नंबरची रांग मस्त आहे" असं कोणी सांगितलं तर आधी अक्षर विचारा. एरोलोपा म्हणून साइट आहे, तिथे कंपनी आणि विमानाचा प्रकार निवडला की भिंत कुठे, दार कुठे, खिडकी कुठे हे मापात काढलेलं दिसतं.

माझं मत विचाराल तर धडधाकट, उंच, एकट्या माणसाने दार घ्यावं, बाळवाल्यांनी भिंत घ्यावी, आणि साठीच्या पुढच्या जोडप्याने दोन्हीचे पैसे वाचवावेत. त्यांना पाय लांब करण्यापेक्षा उठून फिरता येणं जास्त गरजेचं. ४ तासांपेक्षा जास्त वेळ बसून प्रवास केला की पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका साधारण दुप्पट होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात आलं होतं. मूळ धोका कमीच आहे, घाबरायचं कारण नाही, पण मधल्या सीटवर अडकलेला माणूस शेजारच्याला उठवायच्या संकोचाने पाणीच कमी पितो, हे सगळीकडे बघायला मिळतं. साध्या रांगेतली पॅसेजची सीट त्याहून केव्हाही बरी.

आणि जोडप्याला तर अजून चांगली जागा असते. एका रांगेत दहा सीटवाल्या ७७७ चं शेपटीकडचं अंग निमुळतं होतं, त्यामुळे बऱ्याच कंपन्यांच्या विमानात शेवटच्या काही रांगांत कडेला तीनऐवजी दोनच सीटा असतात. एक खिडकी, एक पॅसेज, तिसरा परका माणूस नाहीच, काकूंना उठायचं तर फक्त काकांना हलवायचं. बहुतेक कंपन्यांच्या ए३३० मधे तर कडेला सगळीकडे दोनच असतात. या सीटांना जादा पैसे पडलेच तर लेगरूमवाल्यांपेक्षा कमी पडतात, म्हणून मुलाला सांगून लवकर धरून ठेवा. मागे धक्के जरा जास्त बसतात, आणि ट्रॉली शेवटपर्यंत येईस्तोवर व्हेज संपलेलं असतं ही तक्रारही खरी आहे, त्यासाठी तिकीट काढतानाच एशियन व्हेज मील, म्हणजे आपल्या पद्धतीचं शाकाहारी जेवण, टाकून ठेवायला सांगा, ते जेवण ट्रॉलीच्या आधी नाव विचारून सीटवर आणून देतात.