मक्याच्या पाइपला कोणता गोंद?

मक्याच्या बुरकुंडाचा (दाणे काढलेल्या कणसाचा) तंबाखूचा पाइप दांडीपाशी सैल झाला की बहुतेकांचा हात सुपरग्लूकडे जातो. गोंद जेवढा पक्का, तेवढी दुरुस्ती पक्की, असा समज. पण वेष्टनावर मिरवलेला पक्केपणा सहसा खोलीच्या तापमानाचा असतो आणि इथे बोटभर अंतरावर निखारा धुमसत असतो.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात वॉशिंग्टन नावाच्या गावी हे पाइप १८६९ पासून बनतात. हेन्री टिबे या मूळच्या डच कातार्‍यानं बुरकुंडाच्या बाहेरच्या खडबडीत अंगाच्या खाचांत प्लास्टर ऑफ पॅरिस भरायची युक्ती काढली आणि १८७८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. प्लास्टर बाहेरून, हे महत्त्वाचं.

आता गोंदाकडे. वाळलेला गोंद म्हणजे लांबलचक रेणूसाखळ्यांचा गुंता. थंड असताना साखळ्या जागच्या जागी अडकलेल्या असतात. एका ठराविक तापमानापुढे त्यांचे तुकडे वळवळू लागतात आणि गोंद न वितळताच रबरासारखा मऊ पडतो. याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. फेव्हिकॉलसारख्या पांढर्‍या गोंदासाठी ते जेमतेम ३०-४० अंश सेल्सिअस. त्यात तंबाखू जळताना वाफ निघते, पाण्याचे रेणू साखळ्यांमध्ये शिरतात आणि हा आकडा आणखी खाली येतो.

मग एपॉक्सी? इथे खरी गंमत आहे. हा दोन भाग मिसळून वापरायचा गोंद: राळ आणि तिला घट्ट करणारं कठिणक. त्यांची अभिक्रिया होत जाते तसं काच-संक्रमण तापमान चढत जातं. ते खोलीच्या तापमानापुढे गेलं की मिश्रण काचेसारखं गोठतं, उरलेले रेणू एकमेकांपर्यंत पोचू शकत नाहीत आणि अभिक्रिया अर्ध्यावर अडते. म्हणून खोलीत जमवलेलं साधं एपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. नंतर बेतानं ऊब दिली तर अडलेली अभिक्रिया पुढे सरकते. सुपरग्लूचं दुखणं निराळं: बुरकुंडाच्या सच्छिद्र, दमट तंतूंत तो झपाट्यानं जमतो, बराच तापतो आणि सांध्यात पुरेसा उरतच नाही.

सरस किंवा खळ 'नैसर्गिक' म्हणून निर्धोक, हाही एक भाबडेपणा. तंबाखूचा धूर तर शंभर टक्के नैसर्गिक असतो, आणि घातकही.

तेव्हा बाहेरच्या सांध्याला घट्ट बसणारी दांडी आणि एपॉक्सीचा पातळ हात. तंबाखू जळते त्या आतल्या बाजूला कुठलाच गोंद नको. तिथे प्लास्टरही तापून आपलं पाणी गमावतं आणि भुसभुशीत होतं. आतला तळ भरायला राख आणि पाण्याचा लगदा बरा. राखेत जळण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. तडा गेला की पुन्हा लिंपायचा.