सेरेब्रल पाल्सीतील हस्तक्रिया उपचार

सेरेब्रल पाल्सी (वाढत्या मेंदूला लहानपणी किंवा जन्मापूर्वी झालेल्या इजेमुळे हालचालींत येणारे अपंगत्व) असलेल्या मुलांची पकड, पोहोच आणि दोन्ही हातांचा मेळ सुधारण्यासाठी फिजिओथेरपी व व्यवसायोपचार (रोजची कामे जमावीत यासाठीचे उपचार) यांच्या साहाय्याने दिले जाणारे उपचार. मेंदूला झालेली इजा भरून येत नाही. स्नायूंचा ताठरपणा, अशक्तपणा आणि हात न वापरण्याची सवय यांवर मात्र काम करता येते. एकच बाजू बाधित असलेल्या मुलाचा अंगठा बहुधा तळव्यात वळलेला व मनगट खाली झुकलेले असते, आणि चांगल्या हाताने भागत असल्याने ते बाधित हाताकडे दुर्लक्षच करते.

चांगला हात बांधून बाधित हाताकडून सराव करून घेण्याच्या पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. मॉट व शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८९५ मध्ये माकडाच्या एका हाताच्या संवेदी मज्जामुळांचा (हाताची संवेदना मज्जारज्जूकडे नेणाऱ्या तंतूंचा) छेद घेतला, तेव्हा त्याने तो हात वापरणे सोडले. संवेदनेविना हेतुपूर्वक हालचाल होत नाही, असा अर्थ त्यातून काढला गेला. चांगला हात अडवल्यास माकड निकामी हात वापरते, असे मुंक यांनी १९०९ च्या सुमारास नोंदवले आणि ऑग्डेन व फ्रान्झ यांनी १९१७ मध्ये मेंदूला इजा केलेल्या माकडांवर तसाच प्रयोग केला. त्यामुळे काही अभ्यासक पद्धतीचा आरंभ तेथे मानतात. तथापि ‘शिकलेला अवापर’ (प्रयत्न फसत गेल्याने हात न वापरण्याची जडलेली सवय) ही उपपत्ती मांडून तिला उपचाराचे रूप देणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांच्याकडे श्रेय देणे अधिक सयुक्तिक वाटते. मुलांबाबत ही उपपत्ती जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण जो हात कधी नीट वापरलाच नाही त्याचा वापर सुटला असे म्हणता येत नाही. टॉब व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १८ मुलांच्या चाचणीत चांगला हात प्लास्टरमध्ये ठेवून रोज ६ तास, सलग २१ दिवस सराव दिला होता. पुढे कोलंबिया विद्यापीठात दोन्ही हातांच्या एकत्रित सरावाची पद्धत आखली गेली. ४२ मुलांना प्रत्येकी ९० तास सराव देऊन केलेल्या तुलनेत (२०११) दोन्ही पद्धतींनी हाताचा वापर जवळपास सारखाच सुधारला. रोजच्या कामांना दोन्ही हात लागतात, हे पाहता दुसरी पद्धत लहान मुलांना अधिक सोसणारी ठरते.

सातारा व सांगली जिल्ह्यांत कराड आणि मिरज ही उपचारांची मुख्य ठिकाणे आहेत. माण, खटाव, जत किंवा आटपाडीहून रोज तेथे येणे बहुतेक कुटुंबांना परवडत नाही, म्हणून घरच्या सरावाला येथे विशेष महत्त्व आहे. भुईमुगाची शेंग फोडताना एका हाताच्या चिमटीत ती धरावी लागते आणि दुसऱ्या हाताने टरफल दाबावे लागते. बेंदराचे मातीचे बैल करताना दोन्ही तळवे उघडून माती मळावी लागते. अशी कामे मूल आवडीने करते आणि ती स्वतः करण्यातच उपचाराचे सार आहे. दुसऱ्याने नुसता हात ओढून, चोळून दिल्याने हाताचा वापर वाढतो, याला भक्कम आधार नाही. उजवा हात बाधित असलेल्या मुलाला डाव्या हाताने जेवल्याबद्दल रागावणे हा सराव नव्हे. ते घरातील वडीलधाऱ्यांनी कटाक्षाने टाळावे.

स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम या औषधाची इंजेक्शने ताठरपणा काही महिने कमी करतात. हाताच्या कामात फरक पडण्यासाठी त्यांच्या जोडीने त्याच काळात नेमाने सराव व्हावा लागतो.