पान दे मुएर्तो

पान दे मुएर्तो हा मेक्सिकोतला गोड पाव. शब्दशः अर्थ 'मेलेल्याचा पाव', त्यामुळे नाव ऐकून दचकायला होतं, पण खायला एकदम मऊ, अंडी-बटर घातलेला आणि संत्र्याच्या वासाचा. दिया दे मुएर्तोस हा गेलेल्या माणसांची आठवण काढायचा सण १ आणि २ नोव्हेंबरला असतो, साधारणपणे १ तारीख लहानपणी गेलेल्या मुलांची आणि २ तारीख मोठ्यांची. २००८ पासून तो युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. घरात ओफ्रेंदा मांडतात, म्हणजे फोटो, मेणबत्त्या, पाणी, मीठ, कोपालचा धूप, केशरी झेंडू, गेलेल्याच्या आवडीचं खाणंपिणं, आणि त्यात हा पाव हवाच.

नेहमीचा आकार गोल. वर पिठाच्याच वळ्या आडव्यातिडव्या टाकलेल्या असतात, ती हाडं, आणि मधोमध छोटी गोळी, ती कवटी. हाडांच्या चार टोकांचा संबंध चार दिशांशी लावणारेही आहेत. अझ्टेक लोक नरबळीच्या रक्तात पाव बुडवायचे आणि त्यातून हा पाव आला, अशी एक स्टोरी सगळीकडे फिरते, पण तिला धड पुरावा नाही आणि मुळात गहू मेक्सिकोत आला तोच १६व्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर. त्याआधी राजगिऱ्याच्या पिठाच्या देवांच्या मूर्ती करून त्या वाटून खायची पद्धत मात्र खरंच होती. हो, आपल्या उपासाचा राजगिरा, तो मूळचा अमेरिका खंडातलाच आणि झेंडू पण तिकडचाच, दोन्ही आपल्याकडे इतके मुरलेत की परके वाटतच नाहीत. स्पेनमध्येही मृतांच्या दिवशी पाव ठेवायची चाल होती, तेव्हा हा पाव दोन्हीकडच्या रिवाजांतून झाला असं म्हणणं जास्त पटतं.

करायला अवघड नाही पण वेळखाऊ आहे. मैदा, अंडी, दूध, साखर, यीस्ट, भरपूर बटर, किसलेली संत्र्याची साल, आणि बऱ्याच घरी संत्र्याच्या फुलांचं पाणी किंवा बडीशेपेच्या वासाचं अनिस. अर्धा किलो मैद्याला तीन-चार अंडी आणि दीडशे ग्रॅमच्या आसपास बटर धरा, आणि बटर एकदम नाही, पीठ चांगलं मळून झाल्यावर थोडं थोडं घालायचं, नाहीतर पीठ नुसतं तेलकट होतं आणि पाव फुगत नाही. पीठ हाताला चिकटतंच, म्हणून घाबरून वरून मैदा ओतत बसायचं नाही. बरेच जण ते रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात, वास खुलतो आणि गार पीठ वळायलाही सोपं जातं. खरी गोची हाडांची. मऊ पिठाची हाडं ओव्हनमध्ये फुगून सपाट होतात, म्हणून तेवढ्यापुरता गोळा बाजूला काढून त्यात थोडा जास्त मैदा मिसळतात, मग बोटं फाकवून वळी लाटली की मध्ये मध्ये गाठी राहतात आणि हाडासारखं दिसतं. १८० अंशांवर अर्ध्या तासाच्या आत भाजून होतो. थोडा गार झाला की वितळलेलं बटर लावून साखरेत घोळवायचा, गरम असताना घोळवला तर साखर विरघळून वर चिकट थर होतो.

हा झाला मेक्सिको सिटीकडचा प्रकार. ओआहाकामध्ये हाडं नसतात, तिथे जास्त अंड्यांच्या पावात वरच्या बाजूला रंगवलेला छोटा चेहरा खोचतात. काही गावांत आख्ख्या माणसाची आकृती केलेले पाव होतात, पुएब्लाकडे लाल-गुलाबी साखर लावलेलाही मिळतो. शहरातल्या बेकऱ्यांत तर हल्ली सणाच्या कितीतरी आधीपासून क्रीम भरलेले, चॉकलेटवाले सगळे प्रकार दिसायला लागतात.

खायचा तो हॉट चॉकलेट नाहीतर आतोले या मक्याच्या दाट गरम पेयात बुडवून. ओफ्रेंदावरचा पाव नंतर घरचे वाटून खातात, पण आलेले आत्मे वास आणि चव घेऊन जातात अशी समजूत आहे, त्यामुळे तो फिका लागला तरी शिळा झालाय असं कोणी म्हणत नाही.