स्टेकवरच्या बटरची वाटचाल: फ्रेंच भटारखान्यातून अमेरिकेच्या परसात

मांस तव्यात भाजलं की तळाला रस आणि खरपूस साका धरतो. त्यात थोडी वाइन किंवा हाडांचा अर्क ओतायचा, उलथन्याने खरवडायचं, आटवायचं, की सॉस तयार. जाळीवर भाजताना मात्र यातलं काहीच हाती लागत नाही, कारण रस आणि चरबी थेट निखाऱ्यात जातात. स्टेकला, म्हणजे मांसाच्या जाड कापाला, धुराचा वास आणि काळपट खमंग पट्टे मिळतात, पण ओलावा देणारं सोबतीला काही उरत नाही. फ्रेंच स्वयंपाकात ग्रिलच्या, म्हणजे जाळीवर भाजलेल्या मांसाशी चवीचे जिन्नस घोटलेल्या बटरची जोडी जमली तिचं मूळ मला इथेच दिसतं.

या जोडीतलं सगळ्यात साधं बटर म्हणजे मेत्र दोतेल: मऊ बटर, बारीक चिरलेली पार्सली (कोथिंबिरीसारखा पाला), लिंबाचा रस, मीठ, मिरी. नामवंत फ्रेंच शेफ ओग्युस्त एस्कोफिए यांच्या 1903 सालच्या ‘ल गीद क्युलिनेर’ या पाकग्रंथात अशा मिश्र बटरांना चक्क स्वतंत्र विभाग आहे. गोगलगायींसाठी वेगळं, थंड माशासाठी वेगळं. स्टेकसाठी ‘मार्शां द व्हँ’, म्हणजे बारीक कांदे रेड वाइनमध्ये आटवून, ते थंड करून घोटलेलं बटर. घाईच्या वेळी यांचा मोठा आधार असतो. सॉस ऐनवेळी चुलीपाशी उभं राहून करावा लागतो, बटर सकाळीच करून ठेवता येतं.

पुढची मोठी पायरी स्वित्झर्लंडमध्ये चढली गेली. जिनिव्हाच्या ‘कॅफे द पारी’ या रेस्तराँने 1930 च्या दशकापासून एन्त्रकोत (बरगड्यांजवळच्या गोमांसाचा) स्टेक आणि त्यावरचं हिरवट, दाट बटर यांवरच नाव कमावलं. पाककृती गुपितच राहिली. त्यामुळे जगभर जी ‘कॅफे द पारी बटर’ होतात ती बहुतेक चवीवरून बांधलेले अंदाज आहेत: अँकोव्ही (खारवलेले छोटे मासे), मोहरी, केपर्स (खारवलेल्या कळ्या), ताज्या सुगंधी वनस्पती, आणि बऱ्याचदा चिमूटभर करी पावडर. आपल्याकडच्या मसाल्यांवरून इंग्रजांनी बेतलेलं हे मिश्रण स्विस स्टेकच्या बटरात जाऊन बसावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. 1959 मध्ये पॉल जिनेस्त द सॉर यांनी पॅरिसच्या पोर्त मायो भागात त्याच धर्तीवर एकाच पदार्थाचं रेस्तराँ काढलं. हेतू घरच्या द्राक्षमळ्यातली वाइन खपवण्याचा होता.

इथवर सगळं हॉटेलातलं. घराच्या अंगणात हे यायला आधी कोळसा आणि शेगडी स्वस्त व्हायला हवी होती, आणि ते घडलं अमेरिकेत. 1920 च्या दशकात हेन्री फोर्ड यांच्या मिशिगनमधल्या कारखान्यात मोटारींचे लाकडी भाग कापून उरलेल्या ढलप्या आणि भुशाचे ढीग साचत. त्यांचा कोळसा करून, चिकटवून, दाबून उशीच्या आकाराच्या वड्या पाडल्या गेल्या आणि त्या फोर्डच्याच मोटार-विक्रेत्यांकडे विकायला ठेवल्या. आजचा ‘किंग्जफर्ड’ कोळसा तो हाच. एकसारख्या आकाराच्या वड्या एकसारख्या जळतात, त्यामुळे नवख्यालाही आच सांभाळता येऊ लागली.

उघड्या शेगडीला वाऱ्याचा आणि राखेचा त्रास होताच. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये पाण्यावर तरंगणारे धातूचे गोल बोये बनत. तिथल्या जॉर्ज स्टीफन यांनी 1952 मध्ये असा एक गोळा मधोमध कापला. खालच्या अर्ध्याला तीन पाय लावले, वरच्या अर्ध्याचं झाकण केलं आणि हवेसाठी भोकं ठेवली. झाकण घातलं की हवा कमी मिळून ज्वाळा बसतात आणि जाड तुकडाही न जळता आतपर्यंत शिजतो. महायुद्धानंतर उपनगरांत अंगणवाली घरं वाढतच होती. घरात फ्रिजही आला होता, त्यामुळे बटरची कागदात वळलेली गुंडाळी फ्रीझरमध्ये टाकून हवी तेव्हा चकती कापणं सोपं झालं.

चकती शेवटीच का ठेवायची, याचं कारण बटरच्या घडणीत आहे. त्यात साधारण 80 टक्के स्निग्धांश, 16 टक्क्यांच्या आसपास पाणी आणि थोडे दुधाचे घन पदार्थ असतात. हे घन पदार्थ 150 अंश सेल्सियसच्या आसपास करपू लागतात, आणि जाळीची उष्णता त्याच्या कितीतरी वर असते. शिवाय वितळलेलं बटर निखाऱ्यावर ठिबकलं की भडका उडतो आणि मांसावर काजळी बसते. म्हणून मांस कोरडं पुसून, तेलाचा हात लावून भाजायचं. उतरवून पाच-एक मिनिटं थांबताना त्यावर सेंटिमीटरभर जाडीची थंड चकती ठेवायची. ती हळूहळू वितळते, लिंबाचा रस आणि मांसातून झरलेलं पाणी तिच्यात मिसळतं, आणि ताटलीतच सॉस जमतो. घरच्या लोण्याचं करायचं असेल तर ते थंड पाण्यात धुऊन ताक पूर्ण काढा, नाहीतर चकती धड कापली जात नाही.

बिडाच्या तव्यात लसूण आणि थाइमच्या सुगंधी पाल्यासोबत फेसाळतं बटर चमच्याने मांसावर सोडत राहण्याची पद्धत हल्ली घराघरांत दिसते. ती तव्याची रीत आहे आणि तिथे ती शोभते. जाळीसाठी मेत्र दोतेलच.